आईचा वेगळा पेला

छत्रपती संभाजीनगर

प्रिय अमृता,
सगळ्यांना जयभीम. मी इथं बरी आहे.

दादाच्या जपून ठेवलेल्या रक्ताचा रिपोर्ट आला. करोनाशी लढायला लागणारं एक जनुक त्याच्यात जन्मापासूनच बिघडलेलं होतं. ताप आईकडून लागला असंल, पण दादा गेला तो या बिघाडानं. आईला इथवरच वाचून दाखव.

हा बिघाड आईकडूनच मुलाला येतो, बाईला स्वतःला सहसा त्रास होत नाय. माझ्यातबी निघालाय. बाळंतपणाआधी तुझं रक्त तपासू. बाळाचे कपडे घ्यायला औरंगपुऱ्यात चालले, असं आईला सांगून ये.

आपल्या तापानं पोरगा गेला म्हणून ती अजून पेला वेगळा ठेवती का? आज तिच्याच पेल्यानं पाणी पी, तिच्यासमोर.

तुझीच ताई,
रत्नमाला