झाला, केला नाही

सोमवार, दुपार

चि. दादूस,

अनेक आशीर्वाद. पत्राला लागतात म्हणून लिहिले, मनातून आत्ता निघत नाहीत. माझा नंबर दिसला की फोन कापतोस, बायकोचा दिसला की बंदच करतोस. खाणीवर रेंज नाही म्हणावं, तर तुझ्या आत्याचा फोन बरा लागला. म्हणून हे पत्र टँकरवाल्याच्या हाती देतेय. त्याला बजावलंय, हा वाचून संपवेपर्यंत तिथून हलायचं नाही.

आत्यानं तुला सांगितलं, तुझ्या बायकोनं गर्भपात केला. आत्या दवाखान्यात बाहेर बाकावर बसली होती. दाराआडून एक शब्द कानावर आला, तेवढाच उचलून ती घरी गेली. आत मी होते. शब्द ऐकून मीपण दचकले. म्हटलं, डॉक्टरीणबाई, पोरीनं काही केलेलं नाही हो. त्या म्हणाल्या, "मावशी, आपोआप पडला तरी आमच्याकडे त्याला हाच शब्द." आता दोन गोष्टींना एकच शब्द कुणी ठेवला, त्याला मी काय करू? झाला, दादू. केला नाही.

शिलाईच्या कारखान्यातून सून त्या दिवशी दुपारीच परत आली. कळा येतात म्हणाली आणि न्हाणीची चौकट धरून उभी राहिली. लॉन्ड्रीत लोकांच्या चादरी धुण्यात माझा जन्म गेला. रक्ताचा डाग गार पाण्यात काढायचा, गरम घातलं की बसतो, एवढं मला कळतं. डागाला मी भीत नाही. त्या दिवशी बादलीत पाणी सोडलं आणि नळ बंद करायचा राहूनच गेला.

सोनोग्राफीत ठोका नव्हता. ती विचारत राहिली, बादली उचलली म्हणून झालं का, जिना चढले म्हणून झालं का. डॉक्टरीण म्हणाल्या, नाही, पुष्कळ बायकांचं असं होतं, बहुतेक वेळा गर्भच नीट धरलेला नसतो, यात तुझी चूक नाही. तिनं मान हलवली. ऐकलं नाही.

थोडं आत राहिलंय. गोळ्या दिल्यात. गुरुवारी सकाळी परत तपासणार, तरी उरलं असेल तर भूल देऊन पिशवी साफ करायची. आणि ही म्हणते, मी नाही करून घेणार. का, तर "आत हात लावू दिला की ते म्हणतील, बघा, केलाच." तू काय म्हणशील याची धास्ती तिला आतल्यापेक्षा मोठी. सही तिचीच लागते, तुझी-माझी चालत नाही. तिच्या मर्जीशिवाय डॉक्टरीण हात लावणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

ताप आला, घाण वास आला, कपडा तासाभरात भिजला, तर गुरुवारपर्यंत थांबायचं नाही, तसंच उचलून आणायचं, असं बजावलंय. मी सारखी तिच्या कपाळाला हात लावते. ती वैतागते. म्हणते, आई, मी काय तवा आहे का? मग दोघी हसतो. मग ती भिंतीकडे तोंड करते.

तुला वाटेल, म्हातारी उगीच घाबरवते. तर ऐक. तुझी धाकटी मावशी तापानं गेली असं तुला सांगितलंय. खोटं नाही, तापानंच गेली. ताप कशाचा, ते घरात कुणी उच्चारलं नाही. तिचंही असंच थोडं आत राहिलं होतं. नवरा गावाला गेलेला, तो आल्यावर बघू म्हणाले. तो आला. मी तिच्या उशाशी होते, कपाळाला हात लावत. तो चटका अजून हाताला आहे. म्हणून हात लावते रे. बाकी मला कशाची भीती नाही.

ताप चढला तर मी कुणाचं ऐकणार नाही, तिचंही नाही. पण ती स्वतःहून यावी. त्यासाठी तिला तुझा आवाज पाहिजे. बुधवारी दिवेलागणीच्या आत फोन कर. मला नको, तिला. माफी नंतर माग, सवडीनं. आधी एवढंच म्हण, झाला, मला कळलं, तू जा. बुधवार गेला तर मग मला फोन करायचे कष्टही घेऊ नकोस.

तुझी, आणि सध्या जास्त करून तिची,
आई