ताटाभोवतीचं पाणी

नाना, तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. लाल शाईने खुणा करून हे पत्र परत पाठवाल अशी भीती आता नाही, तरी प्रत्येक ओळ दोनदा वाचतोय.

जळगावच्या त्या दवाखान्यात शेवटी तुम्ही मला मुलगा म्हणून नाही, गृहपाठ न केलेला विद्यार्थी म्हणून ओळखत होतात. म्हणजे आपल्यात फारसं काही बदललं नव्हतं. आईचं नाव गेलं, जन्मभर शिकवलेलं संस्कृत गेलं. मी श्लोकाचा पहिला चरण म्हणून थांबायचो, तुम्ही खिडकीकडे बघत बसायचात. उजवा हात तेवढा काही विसरला नाही. जेवण समोर आलं की तुम्ही पेल्यात बोटं बुडवून ताटाभोवती पाणी फिरवायला लागता. ताट कसलं, खणाखणांची स्टीलची थाळी, आणि खाली गादी. पारोळ्याकडची आया ओरडते, "काय करी राह्यनात नाना? बठ्ठी गादी वल्ली व्हयनी!" आणि गादी आणखी ओली होऊ नये म्हणून पेला उचलून खिडकीत ठेवते. बाई वाईट नव्हती, बारा खाटा एकटी बघायची. चमचा पुढे येतो, तुम्ही ओठ मिटता. मी म्हणतो, "नाना, आ करा ना." तुमची ती नजर मला पाठ होती. सातव्या वर्षी, स्वयंपाकघरात, पाणी न फिरवता मी वरणभाताचा घास घेतला तेव्हा असंच बघितलं होतंत, आणि माझ्यासमोरचं ताट उचललं होतंत. "जनावरंसुद्धा हुंगून खातात," म्हणालात. मी संध्याकाळपर्यंत उपाशी.

चौथ्या दिवशी कागदावर आलं, रुग्ण अन्न नाकारतो. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालू. ती ओढू नये म्हणून हात बांधावे लागतील. मला चारची धुळ्याची बस गाठायची होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजात माझं व्याख्यान होतं, प्राचीन साहित्यातला अन्नविचार. हसू नका. सही केली. खाटेला बांधलेला तुमचा हात मनगटापासून तरी गोल फिरतच राहिला, कोरडा. अकरा दिवस, तुम्ही जाईपर्यंत.

लोकांना मी सांगतो, नानांनी शेवटी अन्न सोडलं. ऐकणारे हात जोडतात, जणू तुम्ही व्रत घेतलं होतंत. तुम्ही पाण्याची वाट बघत होतात. हे मला फार उशिरा उमगलं, असं मी बायकोलाही सांगितलंय. ते खरं नाही. सहीसाठी पेन हातात घेतलं तेव्हाच कळलं होतं, आणि पेला खिडकीत, माझ्या हाताशीच होता.