दादाची पूड

४ फेब्रुवारी
उठताना पलंगाची कड धरावी लागली. पूड बंद करून आज पाचवा दिवस. बोटं दुखायची थांबली म्हणून मीच बंद केली — आणि हे काय नवीनच! दोनदा उलटी. दुपारी एका शर्टाला कॉलर उलटी बसवली. कटिंगचे मास्तर म्हणाले, "ताई, घरी जा. रंग उडालाय तुमचा."

६ फेब्रुवारी
दवाखान्यात. काल मशीनजवळच कोसळले म्हणे. ब्लड प्रेशर पार तळाला. या शरीराला चाळीस वर्षं राबवलं, पण उपाशी कधी ठेवलं नाही — आणि त्याने असा दगा द्यावा? नुसता संताप येतोय.

७ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही औषध चालू होतं का? म्हटलं छे, दादाची पूड तेवढी. माझा सख्खा भाऊ, सांधेदुखीची पूड विकतो. आठ महिने घेतली. "झाडपाल्याची आहे, डोळे झाकून घे" — घेतली डोळे झाकून. बाई माझ्या गोल चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मला वाटत होतं, बाळसं धरलंय! पुडीची बाटली तपासायला गेलीय.

१२ फेब्रुवारी
स्टेरॉइड निघालं. भरपूर.

बाईंनी कागदावर काढून दाखवलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. असंच द्रव्य ती स्वतः बनवते. मेंदू रक्तावर नजर ठेवतो — कमी पडलं की "बनव" म्हणून निरोप, पुरेसं झालं की निरोप बंद. दिवसभर हेच चालतं, आपल्याला पत्ताही नसतो. आठ महिने बघावं तेव्हा रक्तात भरलेलंच! मेंदूने निरोप थांबवले, ग्रंथी बसून बसून सुकली. मी पूड सोडली तेव्हा मेंदूची निरोप द्यायची सवय गेलेली आणि ग्रंथीची उठायची.

तयार कॉलरी दुसरीकडून आल्या की मीही माझ्या हाताखाली कॉलरी शिवणाऱ्या मुलींना "उद्या येऊ नका" म्हणतेच की. शरीराचं काहीच चुकलं नाही. उगाच बोल लावला बिचाऱ्याला.

"जागी होईल?"
"होईल बहुतेक. महिने लागतील." तोवर तेच स्टेरॉइड गोळीतून, थोडं थोडं कमी करत. एकदम सोडलं तर जिवावर बेतेल म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी
दादा आला. दारातच रडला. "माल देणाऱ्याने मलाच फसवलं गं! तुला मी असलं काही देईन का?" मी तोंड सोडलं. जन्मात बोलले नव्हते तसं बोलले. मग त्याने मोसंबं सोललं, बिया काढून एकेक फोड हातावर ठेवली. खाल्लं मी. करणार काय, भाऊ आहे.

२० मार्च
सकाळी आठचं रक्त. ग्रंथीच्या द्रव्याचा आकडा किंचित वर! ग्रंथी हलतेय. बोटं मात्र परत ठणकायला लागली. पहिला फोन दादालाच केला. "बघ, मी म्हटलं नव्हतं, बरी होशील?" — माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद.

२३ मार्च
वहिनी येऊन गेली. बोलता बोलता म्हणाली, "गुडघ्यांसाठी मी गेल्या वर्षीच मागितली होती ती पूड. पण हे देईनात. म्हणाले, आपल्या घरात नको, ती बाहेरच्यांसाठी आहे."