हात लावू का?

१४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर नाही म्हणून तू तोंड फुगवून बसली असशील. दोनदा कागद घेऊन बसलोही होतो, पण हवापाण्याच्या पुढे गाडी सरकेना.

मी बरा आहे. होस्टेलचं जेवण पोटात जातं, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं सांगता येईल. दाजींना सांग, मला नर्सची टोपी घालावी लागत नाही. पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि खिशावर नावाची पट्टी, बस. परवा एका पेशंटच्या नातेवाइकांनी मला कँटीनचा माणूस समजून दोन चहा सांगितले. वाद कशाला घालायचा, आणून दिले.

सध्या आमची ड्यूटी बाळंतिणींच्या वॉर्डात आहे. आमच्या वर्गात मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि या वॉर्डात आमचं काय स्वागत होत असेल ते तूच समज. मी पडद्याजवळ गेलो की आतलं बोलणं बंद पडतं. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमचा नियम सरळ आहे. "आधी विचारायचं, हात लावू का म्हणून. नाही म्हटलं तर मला नाहीतर सिस्टरना बोलवायचं." मी विचारायचो, बायका नाही म्हणायच्या, मग मी पाण्याचे जग भरत फिरायचो.

गेल्या गुरुवारी खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई आणली. साधारण तुझ्याच वयाची. सकाळीच बाळंत झालेली, दुसरी मुलगी. सोबत तिची आई होती. मला नाडी बघायला सांगितलं होतं. मी तिला विचारलं, उत्तर आईनं दिलं.

"बाईमाणूस नाही का कुणी?"

"नुसतं मनगट धरायचंय, मावशी."

"मनगटापासूनच सुरू होतं सगळं."

ती बाई हसली आणि तिनं आपणहून हात पुढे केला. हात गार होता. नाडी इतकी भरभर चालली होती की माझंच चुकलं म्हणून मी परत मोजली. तितक्यात तिनं जांभई दिली. पाणी मागितलं, दोन घोट घेतले, पुन्हा जांभई.

"दमलीये ती. झोपू दे आता," आई म्हणाली.

मी तिच्या ओठांकडे पाहिलं. रंग उतरला होता. बाळंतपणानंतर रक्त जातं ते वरून दिसतंच असं नाही, पांघरुणाखाली गुपचूप जात राहतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. मी घंटी दाबली. वॉर्डात एकच सिस्टर, ती पलीकडच्या खोलीत एका बाळाला श्वास देत होती. तिथूनच ओरडली, "पोट बघ. मऊ असेल तर चोळत राहा, मी आलेच."

मी आईला म्हटलं, "मला पोटाला हात लावून बघावं लागेल." ती माझ्या आणि खाटेच्या मधे उभी राहिली. मी तिच्या खांद्यावरून लेकीला विचारलं, "हात लावू का?" तिचे डोळे मिटत होते. ती हो म्हणाली की नुसता श्वास सोडला, मला कळलं नाही.

ताई, तेव्हा माझे हात उचललेच गेले नाहीत.

मी म्हटलं, "मावशी, मग तुम्ही लावा. बेंबीच्या खाली दाबून बघा. कडक लागतंय का?"

"नाही. काहीच लागत नाही. मऊ आहे."

"चोळा. गोल, जोरात. तिला दुखेल, दुखू दे."

तिनं नीट हात घालता यावा म्हणून पांघरूण बाजूला केलं, आणि खालची चादर माझ्याआधी तिनं पाहिली. ती ओरडली नाही. तिनं माझं मनगट धरलं, माझा हात लेकीच्या पोटावर ठेवला आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी दाबला. कितीतरी वेळानं, म्हणजे मला तसं वाटलं, आत काहीतरी गोळा होऊन कडक लागायला लागलं; गर्भपिशवी अशी आवळली की रक्त थांबतं. तोवर सिस्टर आली, डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, रक्ताची बाटली लागली. मला कुणीतरी बाजूला सारलं. संध्याकाळी त्या बाईनं मुलीला जवळ मागितलं, तेव्हा कुठे मी खाली बसलो.

मॅडमनी शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "नाही म्हटलं तर काय करायचं ते मी शिकवलं. पण बोलण्याइतकं भानच उरलं नसेल, तर वाट बघायची नसते. तू आईला शिकवत उभा होतास तेवढ्यात किती रक्त गेलं?" मग जाता जाता म्हणाल्या, "जांभई बरी लक्षात आली तुझ्या."

ती का लक्षात आली, ते त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतो.

पिंट्याच्या वेळी तू अशाच जांभया देत होतीस. मी दारातून तुला चिडवलं होतं, बाळ झालं आणि आळशी झाली म्हणून. मग आपल्या आईनं मला बाहेर घालवलं. नंतर मोरीत बादलीभर चादरी भिजत होत्या आणि आईनं दार लोटून घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस तुला उठून उभं राहिलं की चक्कर यायची. आई सगळ्यांना सांगायची, अशक्तपणा आहे. तू मरता मरता वाचलीस हे तुला कुणी सांगितलं का? मला वाटतं, नाही. आईला ते नीट कळलं होतं की तिला ते कळून घ्यायचंच नव्हतं, देव जाणे.

एकदा असं झालं, की पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याची भीती जास्त असते. होईलच असं नाही. पण तू लिहिलंयस, याही वेळी बाळंतपण आईकडेच, त्याच सुईणबाई. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्या हातांमुळेच तू आहेस. पण त्यांच्याकडे रक्त नव्हतं आणि आजही नसणार.

तपासणीला जाशील तेव्हा मागच्या वेळचं सगळं डॉक्टरना सांग. लाजू नकोस. आणि बाळंतपण हॉस्पिटलमध्येच होऊ दे. इथे आलीस तर सगळ्यात बरं. आईशी मी बोलतो. ती म्हणेल, चार बुकं काय शिकला, आम्हालाच शहाणपण शिकवायला लागला. म्हणू दे. मला तुझ्याजवळ आत सोडणार नाहीत, मी दाराबाहेर उभा राहीन. आत ज्या असतील त्यांचा ओरडा मी रोज खातो, म्हणून सांगतो, त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

तुला घाबरवायचं नव्हतं, म्हणून इतके दिवस गप्प बसलो. आता थोडी घाबर, आणि ये.

तुझा,
धाकटा