वर कसं आणायचं, ते सांगा

अहो,

तुम्ही गेल्यापासून एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहिते आहे तीही कामासाठी. म्हणून रागावू नका. माझं बाळबोध अक्षर तुम्हांला ठाऊकच आहे. अप्पांनी दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसवून गिरवून घेतलं तेवढंच. शाळा तर तिसरीत सुटली, आणि तीही तमिळ. तेव्हा काना-मात्रा चुकेल तिथे तुमचा तुम्ही नीट करून वाचा.

एकच विचारायचं आहे. झोपवायच्या खेळात माणूस फार खोल गेला की तुम्ही त्याला वर कसे आणायचात? खाली कसे न्यायचात ते मला सगळं येतं. वर आणायचं तेवढं येत नाही. येणार कसं? त्या वेळी मी जागी कोठे असायची?

आधी गोड बातमी सांगते. आपली मंजू तुमचा खेळ करते! होय, शांताची मंजू, औषधांच्या दुकानात बसते तीच. तुमचा काळा कोट तिने शिंप्याकडून आवळून घेतला. तो घालून उभी राहिली आणि मला हसू आवरेना. नाक तुमचं, भुवया तुमच्या, आणि डोक्यात मल्लिगैचा गजरा. शांता म्हणते, माणसं झोपवणारी पोर कोण करून घेईल? त्यावर जावईबापू पेपरातून मान वर न काढता म्हणाले, नवऱ्याला झोपवलं तर घरात शांतता राहील, स्थळं रांग लावतील. किती दिवसांनी घरात हसलो आम्ही.

तिरुप्पनंदाळच्या एका लग्नमंडपात तिचा पहिला मोठा खेळ ठरला. आजवर केले ते दुकानातल्या मैत्रिणींपुढे, कोणाच्या वाढदिवसाला. तिथे डोळे मिटवून घेतले की काम भागतं. पण तुम्ही म्हणायचात ना, डोळे मिटणं म्हणजे नुसता उंबरठा, घर पुढे आहे. मंजूचे लोक उंबरठ्यावरच बसून राहायचे. कोणी खोकलं की जागे. समोरचे हसले की खुर्चीतलेही हसायचे.

मग मी तिला शिकवलं. मी, तिसरी नापास! हसणारे गप्प बसणार नाहीत, तेव्हा त्यांचं हसणंच कामाला लाव, म्हटलं. तुझे ताता खुर्चीतल्यांना सांगायचे, समोरचे जितके मोठ्याने हसतील तितके तुम्ही खोल जाल. ज्याने जाग यावी त्यानेच झोप आणायची. पुढे, झोपलेल्याला मध्येच डोळे उघडायला लाव आणि लगेच परत मिटायला लाव. विहिरीत घागर अर्धी ओढून पुन्हा सोडली की कशी गपकन भरते, तसा माणूस दुसऱ्या खेपेला जास्त खाली जातो. हात उचलून मांडीवर सोड, ओला पंचा पडतो तसा पडला पाहिजे. आणि बोलायचं ते त्याचा श्वास बाहेर जात असताना. तो श्वास आत घेतो तेव्हा आपण गप्प.

पोर आ करून ऐकत होती. म्हणाली, आज्जी, तुला इतकं कसं ठाऊक? म्हटलं, खुर्चीत जन्म गेला माझा.

आणि ते मराठीचं सांगितलं. आठवतं का हो? बाकीचा खेळ तमिळमधून, आणि शेवटी माझ्या कानाशी येऊन आपली घरची भाषा. सगळा मंडप चिडीचूप. लोकांना वाटायचं मंत्र आहे! सुंदरपेरुमाळ कोयिलचे ते मास्तर तर मंत्र द्या म्हणून घरी आले. तुम्ही त्यांना गुरूची आज्ञा नाही म्हणून वाटेला लावलंत. मंत्र कसला? महामहम तळ्याच्या पायऱ्या आहेत सरोजा, पाय ओले झाले, खाली जा, आणखी खाली जा. एकदा तर मध्येच म्हणालात, घरात कढीपत्ता संपलाय. तेही ऐकलं आणि मी आणखी खाली गेले! मला वाटतं, दिवसभर बाहेर तमिळ बोलायचं, तेव्हा कानावर मराठी पडली की अंगाला वाटतं आलं घर, आता सैल पडावं.

तर गेल्या शुक्रवारी दुपारी मंजूने माझ्यावरच सराव केला. तमिळ भाग फार छान केला, तुमच्यासारखा. मग कानाशी आली आणि मराठीत म्हणाली, खाली ये. आणखी खाली ये.

'जा' म्हणायचं होतं. पण तिला 'जा' म्हणताच येत नाही. लहानपणापासून मीच दारात टोकलंय तिला, निघणाऱ्या माणसाला जा म्हणू नये, ये म्हणावं. बाहेरही सगळे 'पोयिट्टु वरेन' म्हणतात, जाऊन येतो. आज्जीला जा कसं म्हणावं म्हणून पोर आपली ये म्हणाली. शहाणपणाने म्हणाली.

पण तुम्ही 'जा' म्हणायचात तेव्हा तुम्ही वर असायचात. ह्या वेळी बोलावणं खालून आलं. खाली कोण असणार? मला दुसरं कोण सुचणार? मी गेले.

तुम्ही दिसलात असं लिहिलं तर खोटं होईल. काही दिसलं नाही. गार होतं. आणि कोणी तरी जरा सरकून मला बसायला जागा केली, एवढं वाटलं. फार बरं वाटलं हो.

वर म्हणे मंजूने आकडे म्हटले, टाळ्या वाजवल्या, तोंडावर पाणी मारलं. शांता रडायला लागली. जावईबापू ऑटो आणायला धावले. ते ऑटो घेऊन येईपर्यंत माझी मीच उठले आणि विचारलं, अजून दुपारची कापी का नाही झाली? शांताने मला पोटाशी धरलं आणि वर शिव्याही दिल्या. मंजू मात्र जमिनीवर बसून होती. तोंडावर रंग नाही.

"आज्जी, ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं ग."

"मग उठली का नाहीस?"

म्हटलं, गुडघे दुखत होते.

"तुला यायचं नव्हतं," म्हणाली.



तिने कोट घडी करून पेटीत ठेवलाय. खेळ होणार नाही असं मंडपवाल्याला कळवते म्हणते. दुसऱ्या कोणाच्या आज्जीचं असं झालं तर मी काय करू, असं विचारते. खरंच आहे तिचं. मी रोज आठवून बघते. चुटकी होती का? काही शब्द होता? कपाळावर हात ठेवायचात का? खाली जाण्याची पायरी न् पायरी पाठ आहे, आणि परतीची एकही नाही. इतकी वर्षं शेजारी बसवून घेतलंत, आणि हे एवढं कोणाला सांगितलं नाहीत! मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी कोणाला विचारू आता?

मला आठवतं ते फक्त वर आल्यावरचं. डोळे उघडले की तुमचं तोंड अगदी जवळ, विड्याचा वास, आणि तुम्ही विचारायचात, आलीस? तेवढंच. कधी कधी भीती वाटते, युक्ती अशी काही नव्हतीच. तुम्ही वर होतात म्हणून मी येत होते. तसं असलं तर हे पोरीला मी शिकवू कसं?

शिकवता येणार नाही. पण मी येऊ शकते. म्हणून आज वचन देते. उद्या मी मंजूला कोट बाहेर काढायला लावणार आणि तिच्यापुढे पुन्हा खुर्चीत बसणार. तिरुप्पनंदाळलाही पहिल्या खुर्चीत मीच. ती खाली ये म्हणो की खाली जा, मी जाईन. आणि तिने वर बोलावलं की पहिल्या हाकेला उठेन, खाली कितीही बरं वाटलं तरी. तिला एकदा कळू दे की तिच्या हाकेने माणूस परत येतं. तुम्ही मध्ये पडू नका.

तुमच्याकडे यायचं तेव्हा माझी मी येईन, खेळाबाहेर. त्या वेळी मला हाका मारू नकोस, असं मंजूला आधी सांगून येईन.

तुमची,
सरोजा