चांगली विकली, लंगडी राखली

अप्पा, तुमची मेंढरं मी घालवली. लांडगा आला असता तर सांगायला सोपं गेलं असतं. साथ आली असती तर तुम्हीच म्हणाला असता, असू दे, आपल्या हातात काय हाय. पण मी ती सोलापुरात, दवाखान्यातल्या आम्हा सिस्टर लोकांच्या कपडे बदलायच्या खोलीत उभी राहून, मोबाइलवर घालवली. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही खांडातल्या बारा मेंढ्या वेगळ्या काढल्या होत्या, त्यांच्या कानांना खूण केली होती आणि म्हणाला होता, "ह्या तुज्या. राखतो मी, पर तुज्या." तुम्ही गेल्यावर दादानं सगळं खांड विकलं. त्या बारांची तोवर एकतीस झाली होती आणि त्या एकतीसांचे पैसे त्यानं एक रुपयाही न ठेवता माझ्या हातात दिले. पुढं कितीतरी वर्षं ते बँकेत ठेव म्हणून पडून होते. घर बांधताना हात आखडला तरी मी त्यांना हात लावला नाही. आता त्यातला पाचवा हिस्सा उरलाय. लिहिताना माझा मलाच विश्वास बसत नाही, म्हणून पुन्हा लिहिते, पाचवा हिस्सा.

शेअर बाजार तुम्हाला कसा सांगू? गावातल्या एका म्हातारीच्या चार मेंढ्या तुम्ही अर्धलीनं सांभाळायचा, कोकरं झाली की निम्मी तिची, निम्मी तुमची. तसाच एखाद्या कारखान्यातला लहानसा वाटा आपण विकत घ्यायचा. कारखाना चांगला चालला की वाट्याची किंमत वाढते. एवढंच असतं तर तुम्ही नावं ठेवली नसती. पण मी वाटा घेऊन गप्प बसले नाही. सकाळी घ्यायचा, दुपारी विकायचा, जेवणाच्या सुट्टीत दुसरा घ्यायचा, असं मी दोन वर्षं केलं. आमच्या लॅबमधला एक टेक्निशियन हे करायचा, त्यानंच मला मोबाइलवर ॲप घालून दिलं. पहिला शेअर मी सव्वानऊला बाजार उघडल्या उघडल्या घेतला, डॉक्टरांचा राउंड सुरू व्हायच्या आत विकला, आणि माझ्या दोन दिवसांच्या पगाराएवढे पैसे सुटले. अप्पा, तिथंच सगळं बिघडलं. पहिल्या दिवशी चांगला मार बसला असता तर मी कान धरून बाहेर पडले असते. मला वाटलं, आपल्याला यातलं कळतंय. मेंढपाळाची पोर, भाव ओळखणारच.

आणि गंमत ऐका, ॲप उघडलं की आधी एक पाटी येते. असले झटपट सौदे करणाऱ्या बहुतेक लोकांचे पैसे बुडतात, असं त्या पाटीवर चक्क लिहिलेलं असतं. मी ती रोज वाचायची आणि अंगठ्यानं बाजूला सारायची. आमच्याकडं तोंडात जखम घेऊन माणसं येतात, त्यांच्या खिशात गुटख्याची पुडी असते आणि पुडीवर कॅन्सरचं चित्र असतं. मी त्यांना फाडफाड बोलते, एवढं चित्र काढलंय ते दिसत नाही का म्हणून. मला एकदाही असं वाटलं नाही की माझ्या पाटीवरची माणसं म्हणजे मी आहे.

गेल्या महिन्यात इन्कम टॅक्सच्या कामासाठी नव्या पेठेत गेले होते. कापडाच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं चढून गेलं की एका बाईंचं ऑफिस आहे. माझ्याच वयाच्या असतील. घरी तेलुगू बोलणाऱ्या, त्यामुळं मराठी जरा थांबत थांबत बोलतात, पण हिशेबात पक्क्या. माझा अंदाज होता की थोडंफार नुकसान झालं असेल, वर-खाली चालायचंच. खात्यात काय उरलंय ते मी बघतच नव्हते, रोजचा फायद्याचा हिरवा आकडा तेवढा बघत होते. बाईंनी वर्षाचा कागद काढला, तो संपेचना. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मॅडम, हे सगळं तुम्ही नोकरी सांभाळून केलं?" एका वर्षात अकराशेच्या वर सौदे झाले होते. मी हसले. म्हटलं, दुसऱ्या कुणाचा कागद आला असेल. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. वर माझंच नाव होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची नाडी धरली, त्या दिवशी माझीच मला लागेना.

तुम्ही वर्षातून चार-पाच वेळा बाजारात जायचा आणि दर जनावरामागं बाजाराची पावती फाडायचा. मी दिवसाला चार-पाच वेळा पावती फाडत होते आणि मला ती दिसतही नव्हती. घेताना थोडे कापतात, विकताना थोडे कापतात. तोट्यातला मोठा भाग त्यातच गेला होता, भाव पडल्यानं गेलेला वेगळाच. पण त्यानं मी हादरले नाही. हादरले ते पुढच्या गोष्टीनं. बाईंनी पेन घेतलं आणि काही नावांवर खुणा केल्या. म्हणाल्या, "हे बघा. फायद्यात आलं की दोन दिवसांत विकलं. तोट्यात गेलं ते आठ आठ महिने धरून ठेवलं. चांगलं ते काढून टाकता, वाईट ते जपता." मी विचारलं, असं फक्त माझंच आहे का. त्या म्हणाल्या, "छे हो. माझ्याकडं येतात ते सगळे हेच करतात. मास्तर, दुकानदार, बँकेतले साहेबसुद्धा." मला खुर्चीतून उठवेना. त्यांनी पाणी दिलं, पंखा वाढवला. त्यांना वाटलं पैशामुळं चक्कर आली. मला तुमचं मेंढरांचं वाडगं दिसत होतं.

बाजाराचा दिवस आहे. अजून ऊन यायचंय. आत आई चुलीपुढं भाकरी थापतेय आणि तुम्ही वाडग्यात उकिडवे बसून एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवताय. मी अकरा वर्षांची. मी एका गुबगुबीत मेंढीचा कान धरून म्हणते, "अप्पा, हिला न्या की. हिचं लई पैसं येतील." तुम्ही मान वर न करता म्हणता, "म्हनून तर न्यायची न्हाय. ही वाढती हाय. जी खात न्हाय, लंगडती, ती आज जाऊ दे. पुढच्या बाजाराला तिला कोन इचारनार?" लंगडणारी मेंढी माझी असते. आदल्या वर्षी तुम्ही माझ्यापुढं दोन कोकरं ठेवली होती, यातलं एक घे म्हणून. आई म्हणत होती दुसरं घे, त्याचे पाय बळकट आहेत. मी कपाळावर पांढरा ठिपका असलेलं घेतलं. आता तुम्ही तिला बाजारात नेणार, म्हणून मी तिला कडब्याच्या गंजीमागं नेते, तिचं तोंड दोन्ही हातांनी दाबून बसते. तुम्ही हाका मारता आणि शेवटी तिच्यावाचूनच जाता.

महिन्याच्या आत ती खोकून मेली आणि आणखी दोघींना घेऊन गेली. तुम्ही मारलं नाहीत. गंजीपाशी माझ्याशेजारी बसून म्हणालात, "तुला मेंढीची माया नव्हती, पोरी. आपण निवडलेली चुकली, ते तुला लपवायचं हुतं." मला इतका राग आला की तीन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. खरं होतं ते, म्हणूनच राग आला. आणि आज, केस पिकल्यावर, मी तेच करतेय. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर घेतला, तो पडला. स्वस्त झाला म्हणून आणखी घेतला, आणखी पडला, पुन्हा घेतला. लॅबवाल्यानं त्या कंपनीला नावं ठेवली तर मी माहेरच्या माणसाची बाजू घ्यावी तशी भांडले. औषधाच्या कंपनीचा शेअर मात्र दुसऱ्याच दिवशी विकला, कारण त्यात एका चांगल्या साडीचे पैसे सुटत होते. साडी घेतली. त्या शेअरची किंमत आज तिप्पट झाली आहे.

तुमची आणखी एक सवय मला त्या ऑफिसात आठवली आणि मी शरमेनं खाली बघितलं. बाजारात तुम्ही जनावराकडं नंतर बघायचा, आधी विकणाऱ्याकडं. एकदा सुरेख मेंढा होता, भावही कमी, सोबतचे सगळे म्हणत होते घ्या. तुम्ही लांबूनच त्या माणसाकडं बघत उभे राहिलात आणि मला म्हणालात, "एवढा चांगला हाय तर हा का इकतोय?" आणि रिकाम्या हातानं परत आलात. दोन वर्षांत, अकराशे सौदे केले ते वर्ष धरून, मी हा प्रश्न एकदाही विचारला नाही. मी घेत होते तेव्हा कुणीतरी मला विकत होतंच की. समोर दिवसभर हेच करणारी माणसं होती, त्यांची यंत्रं होती, आणि इकडं मी, हातमोजे काढून, दहा मिनिटांच्या सवडीत, त्यांच्यापेक्षा जास्त कळतं असं समजून बसलेली. पदरात काय पडणार होतं?

एकदा तर पेशंटच्या बायकोनं येऊन हलवलं. "सिस्टर, सलाईन संपून लई येळ झाला की, रगत वर चढलंय नळीत." मी भाव बघत होते. पेशंटला काही झालं नाही, पण त्या बाईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. वीस वर्षांपेक्षा जास्त नोकरी झाली, माझ्या हातून असं कधी घडलं नव्हतं. ती मी होते यावर अजून विश्वास बसत नाही. त्या दिवशीही मी संध्याकाळी घरी जाऊन दुसऱ्या दिवशी काय घ्यायचं याची यादी केली.

दादाला हे माहीत नाही. त्या ठेवीला तो अजून मेंढरंच म्हणतो. भाऊबीजेला ओवाळून झालं की विचारतो, "मेंढरं बरी हायत न्हवं तुजी?" या वर्षीही विचारलं. मी म्हणाले, "व्हय दादा, बरी हायत." तो इतका खूश झाला की ताटात आणखी शंभराची नोट टाकली. त्याला सांगायचंय. सांगायलाच हवं. त्याच्यापुढं उभं राहायचं धाडस होईना, म्हणून आधी तुम्हाला लिहितेय, आणि तुम्हाला लिहिण्यात धाडस कसलं, हे पत्र टाकायला पेटी कुठं आहे.

टॅक्सवाल्या बाईंनी उरलेल्या तीन कंपन्या विकून ॲप काढून टाकायला सांगितलंय. त्याला तीन आठवडे झाले. ॲप आहे, तिन्ही कंपन्या आहेत, पंपवालीसुद्धा. चार पानं झाली अप्पा, वाचून बघितली, तर एखादी बाई शहाणी झाल्यासारखं वाटतंय. म्हणून हेही लिहून ठेवते. आज रविवार आहे, बाजार बंद आहे, सकाळपासून हाताला चैन पडेना म्हणून मी कागद घेऊन बसले. बुधवारीही माझी सुट्टी होती. तेव्हा बाजार उघडा होता, आणि दिवसभरात मला तुमची आठवण आली नाही.