अर्धे आधी, अर्धे आल्यावर

बुधवार, दुपार
तुझ्याच बोटीवरून

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. इथे मी आणि शेठ ठीक आहोत. तुला कसं वाटतंय हे विचारत नाही, ते विचारणारे तिथे हॉस्पिटलात दिवसभर पुष्कळ असतील. तुझं पाकीट गेल्या मंगळवारी पोचलं, पैसे सगळे नीट मिळाले. उत्तराला उशीर झाला. का झाला ते पुढे लिहिते, आधी तुझ्या कुत्र्याची बातमी घे.

शेठ खातो. पहिले दोन दिवस ताटलीकडे पाठ करून बसला होता. मग मी समोर बसून त्याचं खाणं मीच खाणार असं नाटक केलं, तेव्हा साहेब उठले. धक्क्यावर उडी मारणं त्याला आता जमत नाही. मी फळी टाकते, तर पाय ठेवण्याआधी माझ्याकडे असा बघतो, जणू ती मी कुठून तरी चोरून आणली आहे. फिरून आला की तुझ्या बिछान्यावर चढतो. चादर बदलायला गेले तर गुरगुरला, म्हणून तीच राहू दिली. कुत्रा तुझा शोभतो खरा, कामापेक्षा तोराच मोठा.

बोटीचं म्हणशील, तर मागच्या बाजूला तळात पाणी येतंय. तू म्हणाला होतास, ‘थोडंसं झिरपतं’. तुझं थोडंसं मला लहानपणापासून माहीत आहे. रोज पंप चालवते. पाणी चढेल-उतरेल तसे दोर सैल-घट्ट करते. गॅसची टाकी बदलून घेतली.

आता दराचं. निघताना तू म्हणालास, “ताई, बाकीच्यांना लावतेस तोच दर मला लाव, भाऊ म्हणून सूट नको.” सूट द्यायचं माझ्या मनात नव्हतंच. एकाला दिली की सगळा धक्का भाऊ होऊन येतो. लोकांना वाटतं, मालक बाहेरगावी गेला की हिला पाण्यावरच्या घरात फुकट राहायला मिळतं, वर बोट आणि जनावरं सांभाळायचे पैसे कसले? परवा एका बाईंनी तोंडावरच सांगितलं, “अहो, लोक अशा ठिकाणी राहायचे पैसे मोजतात, आणि तुम्ही उलटे आमच्याकडून मागता?” मी म्हटलं, “मग त्या लोकांनाच बोलवा, पंपही तेच चालवतील.” जमिनीवरचं घर कुलूप लावून गेलं तरी जागच्या जागी राहतं, बोटीचा तसा भरवसा नाही. म्हणून बोटीचा दर घराच्या दीडपट. मांजराचे थोडे, कुत्र्याचे जास्त, कारण त्याला पावसातही किनाऱ्यावर न्यावं लागतं. त्या बाईंच्या पोपटाचे मी कुत्र्याइतके लावले, कारण तो शिव्या देतो. बाई म्हणाल्या, “त्या आमच्या ह्यांच्याकडून शिकला हो.” मी म्हटलं, “मग ह्यांच्याकडून घेऊन द्या.” दिले त्यांनी.

पण दर सांगायचा तर पहिला प्रश्न मुदतीचा. थोड्या दिवसांचा दर महाग, लांबच्या मुदतीचा स्वस्त. तुलाही मी विचारलं, किती दिवस? तू दोर सोडवल्यासारखं करत म्हणालास, “धर तीन आठवडे.” मी धरले. ऑपरेशन, थोडी विश्रांती, मग घरी. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय असं दादा म्हणाला. मी स्वतः डॉक्टरांना विचारलं नाही. धीर झाला नाही.

इथली पद्धत तुला चांगली ठाऊक आहे, कानावर हात ठेवू नकोस. मालक अर्धे पैसे निघताना देतो आणि अर्धे परत आल्यावर, बोटीवर पाय ठेवून, हातात. मला हे काम शिकवणाऱ्या मावशींनी पूर्ण रक्कम आधी घ्यायचं सोडलं होतं. सगळे पैसे देऊन गेलेला एक मालक परत आलाच नाही, त्याच्या दोन मांजरी मावशींजवळच म्हाताऱ्या झाल्या. तेव्हापासून कुणी पूर्ण पैसे पुढे केले की इथले लोक तो अपशकुन मानतात आणि अर्धे परत करतात. निघताना तू अर्धेही दिले नाहीस, ‘पाठवतो’ म्हणालास.

तू पूर्ण पाठवलेस.

दुसऱ्या कुणाचे असते तर म्हटलं असतं, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. पण तू जन्मभर हातचं राखून खर्च करणारा. मोजले. तीन आठवड्यांचे नव्हते, तीन महिन्यांचेही नव्हते. माझ्याच दराने भागून पाहिलं तर दोन वर्षं निघाली. पाकिटात चिठ्ठी नव्हती, त्यामुळे ही दोन वर्षं कसली ते मला कळेना. मग आठवलं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी शेठला तपासून आपल्याला सांगितलं होतं, म्हातारा झालाय, फार तर दोन वर्षं काढेल. बारक्या, तू तुझ्या परतण्यापर्यंतचे पैसे दिलेले नाहीस. शेठच्या मरणापर्यंतचे दिलेस. मी आत उतरायच्या पायऱ्यांवर बसले आणि खूप रडले. शेठ उठून जवळ आला, त्याला वाटलं फिरायला निघालो.

पैसे कुठून आणलेस ते विचारत नाही. छोटं इंजिन जागेवर नाही, एवढं दिसतंय.

दादाला फोन केला तर तो चिडला. “अर्धे आजच्या आज परत पाठव,” म्हणाला, “आणि वर लिही, उरलेले तू घरी आल्यावर घेईन. त्याला उभारी येईल. सगळे ठेवून घेतलेस तर आपणच आशा सोडली असं होईल. एवढंही कळत नाही तुला?” मला त्याचं चूक वाटलं नाही. अर्धे वेगळ्या पाकिटात घातले. गमतीची चिठ्ठी लिहिली, ‘फुकटचा मोठेपणा नको, ये आणि दे.’ पोस्टात रांगेत उभी राहिले. खिडकीपाशी पोचले तेव्हा आतल्या माणसाने विचारलं, “काय आहे यात?” तो रोज सगळ्यांना विचारतो तसंच त्याने विचारलं. मी पाकीट घेऊन परत आले.

तेव्हापासून रोज विचार करते. ती चिठ्ठी वाचून तू हसला असतास. दादाला दाखवली असतीस, तोही हसला असता. मग तो घरी गेला असता आणि तू त्या खोलीत राहिला असतास, एकटा, जे तुला माहीत आहे ते घेऊन. तिथे येणारा प्रत्येक जण तुला बरा करून जातो, आणि तूही त्यांच्यासाठी घटकाभर बरा होतोस. मरणाऱ्या माणसाने बाकीच्यांची समजूत काढत बसायचं, हे मला बघवत नाही.

बघ, लिहिला शब्द. उशीर याच्यासाठीच झाला.

दादावर रागावू नकोस. त्याला आशा लागते, त्याच्यासमोर तू हवं तर बरा होत जा. माझ्यासमोर व्हायची गरज नाही. शेठ त्याच्या शेवटापर्यंत माझ्याजवळ राहील. जास्त जगला तर वरचे दिवस माझ्या पदरचे, तेवढी सूट मात्र तुला घ्यावी लागेल.

शनिवारी येते. दादाला म्हण, खाली जाऊन चहा पिऊन ये, सावकाश. मला धीर देऊ नकोस, मीही तुला देणार नाही. काय दुखतं, कशाची भीती वाटते, शेवटी तिथे राहायचंय की इथे यायचंय, ते सांग. इथे यायचं असेल तर मी कुणाशीही भांडून तुला घेऊन येईन. सांगवत नसेल तर नुसते बसू.

पूर्ण रक्कम मी ठेवून घेतली आहे. परत पाठवणार नाही.

तुझी
ताई